बोगद्याचे अस्तर आणि सिमेंटचा फवारा

उक्षी स्टेशन मागे टाकून गाडी भोक्याच्या बाजूस निघाली की थोड्याच वेळात ती करबुड्याच्या बोगद्यात शिरते. डब्यात दिवे असतात, गप्पाही चाललेल्या असतात; तरीपण काळोखाने खिडकी झाकली की क्षणभर सारेच जरा गप्प होतात. हा बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. नेमकेच सांगायचे तर ६.५०६ किलोमीटर. ताशी ८० किलोमीटर वेग धरला तरी जवळजवळ पाच मिनिटे आपल्या माथ्यावर डोंगर उभा असतो. या पाच मिनिटांत आपण कोणावर विसंबून असतो? गाडी हाकणाऱ्यावर, सिग्नलवर, रुळांवर, हे तर खरेच. पण त्याही आधी आपण विसंबलेलो असतो ते डोक्यावरच्या दगडावर. तो दगड जागच्या जागी राहतो. मात्र तो आपोआप राहतो असे समजण्याचे कारण नाही. त्याला राखावे लागते. ते राखण्याचे काम कसे चालते, आणि त्यात सिमेंटच्या फवाऱ्याचा वाटा काय, हे आज उलगडून सांगण्याचा आमचा विचार आहे.

विषय रुक्ष आहे अशी कोणाची समजूत होईल. परंतु ज्या गावातल्या दर दोन घरांमागे एका घराचे माणूस मुंबईस आहे, त्या गावाला हा विषय परका नाही. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी सलग सुरू झाली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरच्या या मार्गावर ९१ बोगदे खोदले गेले. त्यांची एकूण लांबी सुमारे ८४ किलोमीटर भरते. म्हणजे दर नऊ किलोमीटरांत जवळजवळ एक किलोमीटर प्रवास डोंगराच्या पोटातून होतो. हे बोगदे खोदले त्या वेळी जन्मलेली मुले आज संसाराला लागली आहेत. माणसाच्या मानाने ही ऐन उमेद असेल; बोगद्याच्या मानाने ही पहिली नीट तपासणी करून घेण्याची वेळ होय.

महाराष्ट्रात याहून कितीतरी जुने बोगदे आहेत. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला. ठाण्यापलीकडचा पारसिकचा बोगदा १९१६ सालापासून गाड्या नेत आहे. ते अजून उभे आहेत. तेव्हा बोगदा शंभर-दीडशे वर्षे टिकतो, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की तो कोणत्या जपणुकीने टिकतो?

छप्पर उभे का राहते

आपल्याकडचा गडगा सर्वांनी पाहिलेला आहे. त्यात ना चुना, ना माती. दगड एकमेकांत असे बसवलेले असतात की प्रत्येकजण शेजारच्याला अडवून धरतो. पण एखाद्या गुराने चढताना एक लहानसा दगड ढकलला, की पुढल्या पावसात त्या जागी हातभर खिंडार दिसते. मोठा दगड पडण्याचे कारण अनेकदा असे एखाद्या लहान दगडात असते.

डोंगराच्या पोटातला खडकही एकसंध नसतो. आपला काळा पाषाण म्हणजे ज्वालामुखीच्या रसाचे एकावर एक थर. थंड होताना त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. तो पाण्याने फुगतो आणि सैल होतो. वर सड्यावर जांभा, सच्छिद्र. जांभ्याच्या खाली आणि काळ्या दगडाच्या वर बहुधा मऊ, चिकट मातीचा थर. अशा डोंगरात आपण भोक पाडले, की भोकाच्या वरचे दगड गडग्यातल्या दगडांप्रमाणे एकमेकांना अडवून कमान धरतात. बोगद्याचे खरे छप्पर ते हेच. खडक आपला भार आपणच पेलतो. म्हणूनच कोकण रेल्वेचे कित्येक बोगदे कठीण पाषाणात आहेत तेथे जागोजाग उघड्या खडकाचेच ठेवले गेले, आणि जेथे खडक कच्चा तेथे काँक्रीटचे अस्तर घातले गेले.

अस्तराचे काम म्हणजे सारा डोंगर खांद्यावर घेणे नव्हे. ते काम कोणत्याही अस्तराला झेपणारे नाही. अस्तराचे काम एवढेच, की खडकाने धरलेली कमान ढिली होऊ द्यावयाची नाही. तो पहिला लहान दगड निसटू द्यावयाचा नाही. एवढी एक गोष्ट ध्यानात राहिली तर पुढचे सारे समजण्यास सोपे जाईल.

अस्तर म्हातारे कसे होते

अस्तराचा पहिला वैरी पाणी. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो जांभ्यातून झिरपतो, मातीच्या थरावर साचतो आणि भेगांतून वाट काढीत बोगद्यात उतरतो. वाटेत तो सिमेंटमधला चुना थोडाथोडा धुऊन नेतो. जुन्या अस्तरावर पांढरे ओघळ दिसतात ते या चुन्याचेच. ओघळ दिसला की समजावे, आतून काहीतरी वजा होत आहे.

दुसरे कारण हादरे. प्रत्येक गाडीबरोबर हवेचा दाब वाढतो, उतरतो. रुळांचा कंप खडकात जातो. एका गाडीने काही होत नाही. परंतु वर्षानुवर्षे दिवसरात्र गाड्या गेल्या की सैल दगड आणखी सैल होतो. तिसरे कारण धूर. घाटातल्या जुन्या बोगद्यांतून कोळशाची इंजिने धावत असत. कोळशाच्या धुरातला गंधकाचा अंश ओलाव्याशी मिळून आम्ल होते, आणि ते चुन्याला व सिमेंटला खाते. कोकण रेल्वेवर कोळशाचे इंजिन कधी नव्हतेच, डिझेल होते. २०२२ साली सारा मार्ग विजेवर आला, तेव्हा तोही प्रश्न बराचसा मिटला. चौथे कारण मूळच्या कामातली पोकळी. काँक्रीट ओतताना कमानीच्या अगदी माथ्यावर ते नेहमीच पूर्ण भरत नाही. तेथे अस्तर आणि खडक यांच्यामध्ये रिकामी जागा राहते. खडक त्या जागेत हळूहळू सुटतो, आणि मग एके दिवशी अस्तराच्या पाठीवर त्याचे ओझे पडते.

आधी निदान

बाजारात माठ घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो. खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर परत ठेवतो. बोगद्याची पहिली परीक्षा अशीच होते. शिडीच्या गाडीवर चढून माणसे हातोडीने अस्तर वाजवीत जातात. बद्द आवाज आला की खडूने खूण करतात. भेग दिसली तर तिच्यावर आडवी प्लास्टरची किंवा काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहितात. काही महिन्यांनी पट्टी अखंड असेल तर भेग जुनी, निवांत आहे. पट्टी तडकली असेल तर भेग जागी आहे. आज याशिवाय जमिनीत लहरी सोडून पोकळी शोधणारी यंत्रे आहेत, किरणांनी बोगद्याचा आकार मोजणारी यंत्रे आहेत. ती उत्तमच. तथापि हातोडी अजून निवृत्त झालेली नाही.

पाण्याची पाहणी मात्र पावसातच करावी लागते. वैशाखात सुकी दिसणारी भिंत श्रावणात झरा होते. यासाठी जाणते लोक पाहणी पावसाळ्यात करतात आणि काम उन्हाळ्यात.

सिमेंटची बंदूक

आता उपाय. या उपायाचा जन्म कोणा बोगदेवाल्याच्या हातून झाला नाही. अमेरिकेत शिकागो येथे फील्ड म्युझियम नावाचे संग्रहालय आहे. तेथे कार्ल एकली नावाचा गृहस्थ मेलेल्या जनावरांच्या कातड्यांना जिवंत रूप देण्याचे काम करीत असे. संग्रहालय त्या वेळी १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातून उरलेल्या इमारतीत होते, आणि तिच्या दर्शनी भागाचा गिलावा सुटत चालला होता. १९०७ च्या सुमारास एकलीने दाबलेल्या हवेने गिलाव्याचा माल नळीतून भिंतीवर मारण्याची युक्ती काढली. पुढे १९११ साली त्याला तिचे पेटंट मिळाले. लोक या यंत्राला सिमेंटची बंदूक म्हणू लागले, आणि मालाला गनाइट. माल मोठ्या खडीचा असला तर त्याला शॉटक्रीट म्हणण्याचा प्रघात पडला. आज हे दुसरे नाव दोहोंसाठी चालते.

गवंड्याच्या थापीने लावलेल्या गिलाव्यात आणि या मालात फरक कोणता? माल तोच: सिमेंट, वाळू, पाणी. फरक वेगाचा. थापीने माल भिंतीला टेकवला जातो. फवाऱ्याने तो भिंतीत ठोकला जातो. पहिला मारा आदळतो तेव्हा वाळूचे जाड कण उसळून खाली पडतात, आणि सिमेंटची बारीक पेस्ट खडकाच्या छिद्रांत, भेगांत घुसून बसते. त्या पेस्टीवर मग वाळू रुतते. पुढचा मारा मागच्याला कुटून घट्ट करतो. पाणी कमी, घट्टपणा जास्त, पकड उत्तम. शिवाय साचा लागत नाही. कमानीला काँक्रीटचे नवे कडे घालावयाचे तर लोखंडी साचा उभा करावा लागतो, आणि मार्ग बराच काळ अडतो. रत्नागिरीवरून जाणारा मार्ग एकेरी आहे. तो अडवून कसे भागेल? फवाऱ्याचे सामान एका मालगाडीवर मावते. दोन-तीन तासांच्या अवधीत आत जाऊन, काम करून बाहेर येता येते. हाच त्याचा मोठा गुण.

माल मारण्याच्या दोन रीती आहेत. कोरड्या रीतीत सिमेंट व वाळू कोरडीच नळीतून येतात, आणि पाणी अगदी तोंडाशी मिसळते. पाणी किती सोडावयाचे हे नळी धरणाऱ्याच्या हाती. ओल्या रीतीत सारे आधी कालवून पंपाने ढकलतात, आणि तोंडाशी फक्त हवा देतात. कोरड्या रीतीत लहान, तुटक काम सोपे जाते. ओल्या रीतीत धूळ कमी, नासधूस कमी, आणि मोठ्या कामाला वेग येतो. कोरड्या रीतीने माथ्यावर मारलेल्या मालापैकी चौथा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, उसळून खाली पडतो. तो गोळा करून पुन्हा वापरण्याचा मोह होतो. तो मोह घातक आहे, कारण खाली पडते ती बहुतेक वाळूच असते. सिमेंट भिंतीवर राहिलेले असते.

वाळूविषयी आपल्या किनाऱ्यावर एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. खाडीची खारट वाळू कितीही स्वस्त व जवळ असली तरी ती चालत नाही. मिठाने आतली लोखंडी जाळी गंजते, गंज फुगतो, आणि थर आतूनच फुटतो.

कामाचा क्रम

क्रम असा. प्रथम वीज बंद. २५,००० व्होल्टांच्या तारेखाली कोणी लोखंडी नळी उचलीत नाही. मग सैल दगड पहारीने पाडून टाकावयाचे. बद्द वाजलेले अस्तर खणखणीत भागापर्यंत फोडून काढावयाचे. नंतर हवा आणि पाणी यांच्या झोताने काजळी, शेवाळ, धूळ धुऊन काढावयाची. मोठे दगड असतील तेथे भोके पाडून पोलादी सळया, म्हणजे रॉक बोल्ट, पक्क्या खडकापर्यंत रोवावयाच्या आणि त्यांना जाळी बांधावयाची. जाळीऐवजी हल्ली पोलादाचे बारीक तंतू मालातच मिसळतात. जेथून पाणी येते तेथे नळ्या बसवून त्याला वाट करून द्यावयाची. आणि एवढे झाल्यावरच फवारा.

नळी धरणारा भिंतीपासून मीटर-दीड मीटरवर उभा राहतो, नळी भिंतीशी काटकोनात धरतो, आणि लहान लहान वर्तुळे काढीत खालून वर जातो. वरून खाली आला तर उसळलेली वाळू खालच्या कोऱ्या भागावर बसते आणि तिच्यावर नवा माल पडून आत कच्चा पट्टा राहतो. जाळीच्या मागे पोकळी राहिली तरी वरून ती दिसत नाही. माथ्यावर एका वेळी तीन-चार सेंटिमीटरांहून जाड थर सहसा मारीत नाहीत. तो आपल्याच भाराने सुटतो. लवकर आवळणारे औषध मालात घालतात, कारण थोड्याच वेळाने गाडी यावयाची असते. मग निदान सात दिवस पाणी मारून थर ओला ठेवावयाचा. शेजारी एका फळीवर तोच माल त्याच माणसाकडून मारून घेतात, आणि तिच्यातून गाभा कापून त्याची ताकद तपासतात.

पाहा, या साऱ्या कामात यंत्र कितीही भारी असले तरी शेवटी गुण उतरतो तो नळी धरणाऱ्या माणसाच्या मनगटावर. धुळीत, ओलीत, मुखपट्टी बांधून, मोजक्या वेळात तो हे करतो. त्याची चूक वर्षा-दोन वर्षांनी कळते, आणि त्याचे चांगले काम कोणालाच कळत नाही.

एक छोटासा हिशेब

आमच्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट एका त्रैराशिकात सांगता येते. पाच सेंटिमीटर जाडीचा थर घ्या. एक चौरस मीटर तुकड्याचे वजन सुमारे ११५ किलो. खडकाशी त्याची पकड चौरस मिलिमीटरला अर्धा न्यूटन, एवढी साधारणच धरली, तरी त्या एका चौरस मीटरला सुटण्यासाठी जवळजवळ ५० टनांची ओढ लागेल. म्हणजे वजनाची चिंता नको. आता त्या थराच्या पाठीमागे पाणी कोंडले, आणि भेगेत त्याची उंची दहा मीटर झाली असे समजा. दहा मीटर पाणी चौरस मीटरवर १० टनांनी दाबते. पकड सर्वत्र चांगली असेल तर थर हेही सोशील. पण शेवाळावर, काजळीवर, मातीच्या पट्ट्यावर मारलेल्या मालाची पकड जवळजवळ शून्य. तेथे दहा टन तर राहोच, एक टनही पुरे होतो. आणि आपल्या डोंगरात पाणी दहा मीटरच चढेल, असा करारही कोणी केलेला नाही.

यावरून निघते ते हे: पाणी कोंडून फवारा मारणे म्हणजे ठसठसत्या गळवावर पट्टी बांधण्यासारखे आहे. आपल्या जांभ्याच्या घरांनाही हाच अनुभव येतो. ओल घेणाऱ्या भिंतीवर घट्ट सिमेंटचा गिलावा केला की दोन पावसांत पोपडे सुटतात, आणि आपण गवंड्याला नावे ठेवतो. दोष गवंड्याचा थोडा आणि पाण्याला वाट न ठेवण्याचा फार.

फवाऱ्याच्या मर्यादा

फवारा हा सर्व रोगांवरचा उतारा नव्हे. गोव्याच्या सीमेवरचा पेडण्याचा बोगदा पाहा. लांबी १,५६१ मीटर. करबुड्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. पण तो पाषाणात नसून पाण्याने भिजलेल्या मऊ मातीत आहे. खोदताना तो वारंवार ढासळला, कामगारांचे बळी गेले, आणि साऱ्या मार्गाची जोडणी त्याच्यासाठी खोळंबली. ६ ऑगस्ट २०२० रोजी मुसळधार पावसात त्याच्या भिंतीचा काही भाग कोसळला. त्या वेळी आत गाडी नव्हती हे भाग्य. गाड्या पुणे, मिरज, लोंढा अशा वळशाने न्याव्या लागल्या. ९ जुलै २०२४ रोजी त्याच बोगद्यात पाणी व चिखल जमिनीतून वर आला, आणि वाहतूक पुन्हा थांबली. जेथे तळच पाणी सोडतो तेथे माथ्यावर फवारून काय होणार? तेथे तळाचे काँक्रीट, निचरा, पाठीमागे सिमेंट भरणे, असे दांडगे उपाय लागतात. फवारा त्यांच्या जोडीला येतो, त्यांच्या ऐवजी नव्हे.

दुसरी मर्यादा जागेची. गाडी, तार आणि अस्तर यांच्यामध्ये ठरावीक अंतर राहिलेच पाहिजे. दर दहा वर्षांनी एकेक थर चढवीत गेलो तर बोगदा आतून आक्रसत जाईल. म्हणून जुना सुटलेला थर काढल्याशिवाय नवा मारणे ही आळशी दुरुस्ती होय. ती दिसण्यात उजळ, पण आतला रोग झाकणारी.

आणि बोगद्याबाहेरचे डोंगरही विसरून चालणार नाही. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांनी गाडी घसरली आणि पन्नासांहून अधिक प्रवासी प्राणास मुकले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ तसाच अपघात झाला. त्यानंतर कापलेल्या डोंगरांवर जाळ्या, बोल्ट, फवाऱ्याचे थर ही कामे मोठ्या प्रमाणावर झाली. पावसाळ्यात वेग कमी ठेवून गस्त वाढवली जाते. तेथेही तत्त्व हेच: पहिला लहान दगड निसटू द्यावयाचा नाही, आणि पाणी कोंडावयाचे नाही.

आपले काम कोणते

आपण नागरिक यात काय करू शकतो, असा प्रश्न येईल. नळी तर आपण धरणार नाही. पण दोन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. एक, कामासाठी मार्ग दोन-तीन तास बंद राहील अशी सूचना स्टेशनावर लागते, तेव्हा कपाळाला आठ्या न घालणे. गाडी उशिरा आली याची चर्चा आपण आठवडाभर करतो. ती बोगद्यातून सुखरूप आली याची कधी केली आहे काय? दुसरी, खर्चाचा प्रश्न निघेल तेव्हा योग्य प्रश्न विचारणे. नवे स्टेशन, नवी गाडी, हे डोळ्यांना दिसते आणि त्याचे समारंभ होतात. बोगद्याच्या माथ्यावर मारलेल्या पाच सेंटिमीटरांचे उद्घाटन करण्यास कोणी येत नाही. म्हणून आपणच विचारावे: पावसाळ्यात पाहणी झाली का? पाण्याला वाट ठेवली का? बद्द वाजणारा भाग फोडून मगच थर दिला का? गाभा कापून तपासला का? हे चार प्रश्न विचारण्यास इंजिनियर असावे लागत नाही.

आता थोड्याच दिवसांत पाऊस येईल, आणि सड्यावर पडलेले पाणी आपल्या ठरलेल्या वाटेने खाली उतरू लागेल. पुढच्या खेपेस करबुड्याच्या काळोखात गाडी शिरेल तेव्हा, जमल्यास, त्या पाण्याची आणि त्याला वाट करून देणाऱ्या माणसांची एकवार आठवण करावी, एवढीच विनंती.